'दिस इज युवर लाइफ': द्वितीय पुरुषातील चरित्र आणि त्याचे विस्तारित विशेष भाग

चरित्र हे तृतीय पुरुषात लिहिले जाते आणि आत्मचरित्र प्रथम पुरुषात. द्वितीय पुरुषात चरित्र सांगावयाचे म्हणजे ज्याने ते आयुष्य जगले त्यालाच समोर बसवून ते ऐकवावयाचे. ऐकणाऱ्यास जे ठाऊक नाही ते सांगणे हे निवेदनाचे सर्वमान्य प्रयोजन. येथे तर ऐकणाराच सर्वांत अधिक जाणता असतो. "तुमचा जन्म अमुक गावी झाला" हे वाक्य जन्मलेल्या माणसाला उद्देशून उच्चारण्यात माहितीच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. असे असूनही याच अर्थहीन वाटणाऱ्या वाक्यावर एक दूरचित्रवाणी-कार्यक्रम अमेरिकेत व ब्रिटनमध्ये मिळून अर्धशतकभर उभा राहिला, आणि त्याच्या शीर्षकातच हा द्वितीय पुरुष आहे: 'दिस इज युवर लाइफ'. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः या कार्यक्रमाचे नेहमीच्या मुदतीहून मोठे असे विशेष भाग हा आहे. परंतु ते भाग समजावयाचे तर आधी नेहमीच्या भागाची घडण ध्यानी घ्यावयास हवी.

कार्यक्रमाचा जनक अमेरिकन निवेदक राल्फ एडवर्ड्‌स. युद्धात जायबंदी झालेल्या एका सैनिकाला त्याचे पूर्वायुष्य आठवून द्यावे व पुढील आयुष्याची उमेद द्यावी, या हेतूने केलेल्या एका नभोवाणी-प्रयोगातून ही कल्पना निघाली. १९४८ मध्ये तिचा स्वतंत्र नभोवाणी-कार्यक्रम झाला आणि १९५२ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. हे मूळ विसरून चालणार नाही. ज्याचे आयुष्य मध्येच मोडले आहे त्याला 'हे तुझे आयुष्य' असे सांगणे ही माहिती नव्हे. तो दिलासा आहे. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने २९ जुलै १९५५ रोजी हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या भागासाठी फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूज यांची योजना होती. पण गुपित वृत्तपत्रात फुटले आणि ऐनवेळी एडवर्ड्‌स यांनी भावी निवेदक एमन अँड्र्यूज यांनाच सत्कारमूर्ती करून टाकले. बी.बी.सी.वर तो १९६४ पर्यंत चालला, १९६९ पासून थेम्स या कंपनीने तो आय.टी.व्ही.वर पुन्हा सुरू केला, अँड्र्यूज १९८७ मध्ये निधन पावल्यावर मायकेल अॅस्पेल निवेदक झाले, १९९४ मध्ये तो परत बी.बी.सी.कडे आला आणि २००३ मध्ये थांबला.

घडण साधी आहे. निवेदक बेसावध माणसाला गाठतो. हाती लाल पुस्तक, त्यावर त्या माणसाचे नाव. तेथून रंगमंचावर. तेथे पुस्तक उघडून निवेदक त्याचे आयुष्य त्याला वाचून दाखवतो. मध्येच पडद्याआडून एक आवाज येतो, सत्कारमूर्ती तो ओळखतो किंवा ओळखू पाहतो, आणि आवाजाचा धनी पुढे येऊन एखादी आठवण सांगतो. शिक्षक, मित्र, सहकारी असे करीत शेवटी दूरदेशाहून आलेले, बहुधा अनेक वर्षांत न भेटलेले, कोणी येते. डोळे पाणावतात. निवेदक पुस्तक मिटून स्वाधीन करतो आणि शीर्षकाचे वाक्य उच्चारतो. हे सर्व अर्ध्या तासात.

या घडणीत व्याकरणदृष्ट्या लक्षणीय गोष्ट अशी की, ज्याचे आयुष्य आहे तो जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता असतो, परंतु वक्ता क्वचितच असतो. त्याच्या वाट्याला येतात ती उद्गारवाचके: आश्चर्याची, आनंदाची, संकोचाची. कर्तृत्व त्याचे, वाणी इतरांची. 'तुम्ही' हे सर्वनाम त्याला उद्देशून असले तरी वाक्य त्याच्यासाठी नसते. ते समोरच्या प्रेक्षागृहासाठी व त्यापलीकडील लक्षावधी घरांसाठी असते. संबोधित एक आणि श्रोता दुसरा, अशी ही फोड आहे.

मराठी वाचकास ही फोड अपरिचित नाही. आपले मानपत्र नेमके याच पुरुषात लिहिले जाते. "आपण अमुक संस्था स्थापन केलीत, आपण तमुक ग्रंथ लिहिलात" असे व्यासपीठावर बसलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावयाचे, आणि त्याने मान खाली घालून ऐकावयाचे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ अध्यापकांचे मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. समारंभानंतर चौकट हातात घेऊन ते म्हणाले, "हे सगळे मी केले असते तर बरे झाले असते." त्यांच्या बोलण्यात विनय होता, पण तेवढाच नव्हता. मानपत्रातील 'आपण' हा कोणी एक घडविलेला पुरुष असतो, आणि सत्कारमूर्तीला त्याच्याशी आपली ओळख पटवून घ्यावी लागते. लाल पुस्तकाच्या बाबतीतही तेच.

अर्ध्या तासाची मर्यादा ही या प्रकाराची अडचण नव्हे, आधार आहे. एक साक्षीदार, एक आठवण, एक आलिंगन, आणि पुढे. या गतीमुळे आठवणीची शहानिशा करण्यास अवकाश उरत नाही, तसाच सत्कारमूर्तीला उत्तर देण्यासही उरत नाही. ही गती मोडली की काय होते याचे एक जुने व बोलके उदाहरण आहे. १ डिसेंबर १९५४ रोजी स्टॅन लॉरेल व ऑलिव्हर हार्डी यांना एडवर्ड्‌स यांनी हॉटेलात गाठले. कार्यक्रम जिवंत प्रक्षेपित होत होता आणि हे दोघे नाट्यगृहात पोहोचावयास अपेक्षेहून फार उशीर लागला. तेवढा वेळ एडवर्ड्‌स यांना रिकाम्या रंगमंचावर केवळ बोलून काढावा लागला. 'तुम्ही' म्हणावयाचे, पण 'तुम्ही' समोर नाही. द्वितीय पुरुषाचे निवेदन संबोधित माणसाच्या देहाशिवाय क्षणभरही उभे राहू शकत नाही, हे त्या मिनिटांनी उघड केले. तृतीय पुरुषातील चरित्राला अशी अडचण कधी येणार नाही. त्याचा नायक शतकापूर्वी मेलेला असला तरी चालते.

आता विस्तारित भागांकडे वळू. थेम्सच्या काळात काही निवडक व्यक्तींसाठी नेहमीची अर्ध्या तासाची चौकट सोडून मोठे भाग करण्यात आले. लुई माउंटबॅटन यांचा १९७७ मधील भाग आणि मुहम्मद अली याचा १९७८ च्या नाताळातील भाग ही त्यांतील दोन ठळक उदाहरणे. सामान्यतः असे समजले जाते की, मोठ्या माणसाचे आयुष्य मोठे, म्हणून भाग मोठा. हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. अर्ध्या तासात कोणाचेच आयुष्य मावत नाही. खाणकामगाराचे किंवा परिचारिकेचेही नाही, आणि अशा सामान्य माणसांनाही या कार्यक्रमाने पुष्कळदा सत्कारमूर्ती केले आहे. मग अधिकचा वेळ कोणासाठी? सत्कारमूर्तीला बोलता यावे म्हणून तो दिला गेला असता तर कार्यक्रमाचे व्याकरणच बदलले असते. ते बदलले नाही. वाढले ते साक्षीदार.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शीर्षकाचे मराठी भाषांतर करू जाता हाती लागते. इंग्रजीतील 'युवर' एकच. मराठीत मात्र निवड करावी लागते: हे तुझे आयुष्य, हे तुमचे आयुष्य, हे आपले आयुष्य. आईने पाळण्यातील मुलाला म्हणावे ते पहिले, सभ्य परिचिताला म्हणावे ते दुसरे. तिसरे मानपत्रातले, आणि ते सर्वांत घोटाळ्याचे. कारण 'आपण' हे सर्वनाम मराठीत तीन कामे करते. ते आदरार्थी द्वितीय पुरुष आहे. ते श्रोत्यासह वक्त्यांचा समावेश करणारे प्रथम पुरुषी अनेकवचनही आहे, ज्यातून श्रोत्याला वगळावयाचे असेल तर आपण 'आम्ही' म्हणतो. आणि ते आत्मवाचकही आहे. समावेशक व वगळणारा असा हा भेद द्राविड भाषांच्या शेजारातून मराठीला लाभला असे पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'आपण आलात' आणि 'आपण आलो' यांतील फरक क्रियापद सांगते. परंतु षष्ठीत ही सोय नाही. 'हे आपले आयुष्य आहे' या वाक्यात क्रियापद आयुष्याशी जुळते. ते महाशयांचे की आपणा सर्वांचे, हे वाक्य सांगत नाही.

नेहमीच्या भागात 'युवर'चा अर्थ 'तुमचे' असतो. विस्तारित भागात तो या दुसऱ्या 'आपले'कडे सरकतो, असे मला म्हणावयाचे आहे. निवेदक सत्कारमूर्तीकडे पाहून 'तुमचे' म्हणतो आणि राष्ट्र ते 'आपले' म्हणून ऐकते. अधिकचा वेळ लागतो तो या सरकण्यासाठी. एका माणसाच्या शाळेतील खोडी सांगावयास दोन मिनिटे पुरतात. पण त्याच्या आयुष्यातून आपला स्वतःचा इतिहास सांगून घ्यावयाचा असेल तर साक्षीदारांची रांग लांबवावी लागते.

माउंटबॅटन यांचे उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे, आणि आपल्या दृष्टीने ते केवळ ब्रिटिशांच्या घरचे उदाहरण नाही. १९७७ हे राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष. व्हिक्टोरिया राणीचा पणतू, दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचा सरसेनापती, हिंदुस्थानचा अखेरचा व्हाइसरॉय, राणीच्या पतीचा मामा: रौप्यमहोत्सवी ब्रिटनला 'आपले' म्हणून ऐकावयास याहून सोयीचे आयुष्य दुसरे नव्हते. आणि येथे एक तुलना सहजच उपलब्ध आहे. याच माउंटबॅटन यांच्यावर १९६९ मध्ये त्याच आय.टी.व्ही.वर बारा भागांची एक मालिका झाली होती. संहिता जॉन टेरेन यांची, निर्मिती पीटर मॉर्ली यांची. तीत माउंटबॅटन स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून आपली हकीकत सांगतात. म्हणजे तेच आयुष्य आठ वर्षांच्या अंतराने एकदा प्रथम पुरुषात व एकदा द्वितीय पुरुषात सांगितले गेले.

प्रथम पुरुषातील कथनावर आत्मसमर्थनाचा आरोप होतो, आणि माउंटबॅटन यांच्या बाबतीत तो झाला, योग्यच झाला. स्वतःच्या कामगिरीविषयी त्यांना संकोच वाटत असे असे त्यांचा मित्रही म्हणणार नाही. परंतु प्रथम पुरुषाला एक प्रामाणिकपणा असतो: 'मी केले' असे म्हणणाऱ्याला 'का केले?' असे विचारता येते. सत्तांतराची मुदत जून १९४८ होती ती १५ ऑगस्ट १९४७ वर का आणली, सीमानिवाडा स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला, का प्रसिद्ध झाला, हे प्रश्न 'मी' म्हणणाऱ्या माणसासमोर ठेवता येतात. त्याने उत्तर टाळले तर टाळणेही दिसते. द्वितीय पुरुषात हे घडत नाही. "तुम्ही हे केलेत" असे दुसराच सांगतो, सत्कारमूर्ती केवळ ऐकतो. आणि प्रश्न कोणाला विचारावयाचा तेच समजेनासे होते. सांगणारा जबाबदार नाही, कारण ते आयुष्य त्याचे नाही. ऐकणारा जबाबदार नाही, कारण ते कथन त्याचे नाही. बारा भागांच्या आत्मकथनापेक्षा एका संध्याकाळचे गौरवकथन टीकेपासून अधिक सुरक्षित असते, ते यामुळे.

येथे कोणी म्हणेल की, गौरवाच्या प्रसंगी फाळणीची चर्चा अपेक्षित धरणे हा औचित्यभंग आहे. मला तसे अपेक्षितच नाही. फाळणीचा उल्लेख होतो की नाही हा गौण प्रश्न आहे. एखाद्या वाक्यात तो सहज होऊ शकतो. खरा प्रश्न साक्षीचा आहे. या कार्यक्रमात कोणतीही घटना खरी ठरते ती तिचा एक साक्षीदार पडद्याआडून आवाज देऊन, पुढे येऊन, सत्कारमूर्तीला आलिंगन देतो म्हणून. ज्याला आलिंगन देता येत नाही त्याला साक्ष देता येत नाही. १९४७ मध्ये पंजाब व बंगाल मिळून दीड कोटीच्या आसपास माणसे घरांतून उठली. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. लाहोरहून अमृतसरला किंवा अमृतसरहून लाहोरला गेलेल्या एखाद्या गाडीतील प्रवासी या रंगमंचावर कोणत्या क्रियापदाने येणार? 'तुम्ही मला आठवता का?' हा कार्यक्रमाचा मूलभूत प्रश्न. ज्याला सत्कारमूर्तीने कधी पाहिलेच नाही, परंतु ज्याचे आयुष्य सत्कारमूर्तीच्या एका तारखेने बदलले, त्याच्यासाठी या भाषेत जागाच नाही. भाग कितीही लांबविला तरी ती निर्माण होत नाही. 'आपले' हे समावेशक सर्वनाम आहे खरे. पण समावेश कोणाचा हे त्या संध्याकाळी कोण रंगमंचावर आहे यावरून ठरते. आणि 'आम्ही' म्हणणारे बाहेर राहतात.

माउंटबॅटन यांचा अंत या भागानंतर दोनच वर्षांनी झाला: २७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या नौकेत आयरिश रिपब्लिकन आर्मीने स्फोट घडविला आणि त्यांच्यासह दोन मुलेही तत्काळ ठार झाली. आयर्लंड हाही असाच एक न बोलाविलेला साक्षीदार होता. निवेदक अँड्र्यूज स्वतः डब्लिनचे.

अलीचा विस्तारित भाग वेगळ्या कारणासाठी पाहावयास हवा. तेथे द्वितीय पुरुषाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटला. मुष्टियोद्धा म्हणून अली जितका प्रसिद्ध, तितकाच प्रथम पुरुषी एकवचनाचा उपयोग करणारा वक्ता म्हणूनही. 'मी'शिवाय त्याचे वाक्य सुरू होत नसे. प्रतिस्पर्धी कोणत्या फेरीत पडेल हे तो यमकांत सांगे. अशा माणसाला अर्ध्या तासात मूक श्रोता करून बसविणे दुरापास्तच. अँड्र्यूज तरुणपणी हौशी मुष्टियोद्धा होते व पुढे या खेळाचे समालोचक झाले. बोलणाऱ्याला बोलू देऊन पुन्हा पुस्तकाकडे आणण्याची कला त्यांना अवगत होती. १९७८ हे वर्षही नाट्यमय: फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सकडून हार आणि सप्टेंबरमध्ये त्याच्याचकडून विजेतेपद परत.

परंतु भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष जाते ते लाल पुस्तकावरील नावाकडे. कार्यक्रमाच्या सूत्रात आधी नाव येते, मग 'हे तुमचे आयुष्य'. १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव कॅशियस क्ले होते. १९६४ मध्ये त्याने ते टाकले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे अनेक वृत्तपत्रे, समालोचक व प्रतिस्पर्धी त्याला जुन्याच नावाने हाक मारीत राहिले. फेब्रुवारी १९६७ मध्ये अर्नी टेरेल याने असेच केले, तेव्हा अलीने लढतीत त्याला मारता मारता 'माझे नाव काय?' हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला. नाव हे संबोधनाचे साधन आहे. ते नाकारणे म्हणजे समोरच्याला 'तू' होऊ न देणे. म्हणून १९७८ च्या नाताळात ब्रिटिश घराघरांतून 'मुहम्मद अली' हे संबोधन ऐकू येणे ही केवळ औपचारिकता नव्हती. मात्र बालपण सांगू लागताच जुने नाव टाळता येत नाही, कारण समोर बसलेले आईवडील क्लेच आहेत. दोन नावांचा एक माणूस आणि त्याच्या आयुष्याचा एकच 'तुम्ही': हा सांधा विस्तारित भागाला सावकाश जोडता येतो, आणि येथे मात्र अधिकचा वेळ सत्कारमूर्तीच्या कारणी लागला असे म्हणावयास हरकत नाही.

गंमत अशी की, माउंटबॅटन यांचेही नाव जन्माचे नव्हे. १९०० मध्ये ते जन्मले ते प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग म्हणून. १९१७ मध्ये जर्मनीविरुद्धच्या युद्धात राजघराण्याने जर्मन नावे टाकली तेव्हा बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले. राजाच्या इच्छेने बदललेले नाव देशाच्या तोंडी लगेच रुळले. नातवंडांच्या पिढीला तर ते मूळचेच वाटावे. गुलामांच्या वंशजाने स्वेच्छेने बदललेले नाव स्वीकारावयास वर्षे लागली. दोन विस्तारित भाग, दोन बदललेली नावे. नामांतराला मान्यता कोण देतो, यावर ते नामांतर ठरते की हट्ट, हे अवलंबून असते. आपल्याकडे या विषयावर वेगळे उदाहरण देण्याची आवश्यकता नाही.

विस्ताराने साधत नाही ते कधी कधी अर्ध्या तासात साधले आहे, किंवा साधण्याच्या जवळ आले आहे. ११ मे १९५५ रोजी एडवर्ड्‌स यांच्या अमेरिकन कार्यक्रमाचे सत्कारमूर्ती होते हिरोशिमाचे धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो. जॉन हर्सी यांच्या १९४६ मधील 'हिरोशिमा' या वृत्तांतामुळे ते अमेरिकेत परिचित झाले होते, आणि अणुबॉम्बने विद्रूप झालेल्या २५ तरुणींना शस्त्रक्रियेसाठी ते अमेरिकेत घेऊन आले होते. त्यांच्यासमोर पडद्याआडून जो आणला गेला तो रॉबर्ट लुइस: ज्या विमानाने बॉम्ब टाकला त्याचा सहवैमानिक. आलिंगनाच्या भाषेत एकदाच असा साक्षीदार बोलाविला गेला ज्याची साक्ष आलिंगनाने मिटणारी नव्हती. लुइस अडखळले, कपाळावर हात फिरवीत राहिले, आणि त्या दिवशी आपण नोंदवहीत काय लिहिले ते सांगितले. दोन तरुणी प्रेक्षकांना दिसल्या त्या केवळ पडद्यावरील छाया म्हणून. आणि या सर्वांच्या मध्ये प्रायोजकाच्या नखरंगाची जाहिरात. पुढे १९८५ मध्ये हर्सी यांनी आपल्या ग्रंथाला जोडलेल्या नव्या प्रकरणात या संध्याकाळचे जे वर्णन केले आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. हा प्रसंग सुरुचीचा होता असे मी म्हणणार नाही. तानिमोतोंना काहीच कल्पना न देता त्यांना त्या माणसासमोर उभे करणे क्रूरपणाचे होते. परंतु लुइस यांचे ते अडखळणे म्हणजे या कार्यक्रमाच्या भाषेत पडलेली एक खरी फट होती. तीतून क्षणभर 'तुमचे' आणि 'आपले' यांच्या पलीकडचे, 'आम्ही तुमच्या आयुष्याचे काय केले' हे वाक्य डोकावून गेले. त्यास अधिक मिनिटे लागली नाहीत. दोन वर्षांपूर्वी, २७ मे १९५३ रोजी, याच कार्यक्रमात नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या हॅना ब्लॉक कोनर यांचे आयुष्य सांगितले गेले व शेवटी त्यांच्यासमोर भाऊ उभा राहिला, तोही अर्ध्या तासाचाच भाग.

साक्षीदारांच्या तोंडून चरित्र उभे करण्याची रीत मराठीत सातशे वर्षांची आहे, याचे येथे स्मरण होते. म्हाइंभटाने 'लीळाचरित्रा'साठी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून गोळा केल्या. पुढे मूळ पोथ्या नष्ट झाल्यावर त्या स्मरणातून पुन्हा लिहिल्या गेल्या, तेव्हा आठवणींत जेथे फरक पडला तेथे तो पुसून न टाकता 'वासना' म्हणून त्या त्या आठवणाऱ्याच्या नावे नोंदविला गेला. दोन साक्षींत विसंगती आहे हे सांगण्याची तेथे लाज नाही. म्हाइंभट श्रद्धावान होता, टीकाकार नव्हता. तरीही त्याच्या परंपरेने गौरवाच्या ग्रंथात मतभेदाला जागा ठेवली. लाल पुस्तकात ती नाही. दोन साक्षीदारांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला असे तेथे घडत नाही, कारण प्रत्येकाची आठवण आधीच घासून संहितेत बसविलेली असते. विस्तारित भागात तर ही घासणी अधिकच. जितका प्रसंग मोठा तितकी संहिता काटेकोर.

सत्कारमूर्तीला या भाषेला नकार देता येतो काय? देता येतो, पण बोलून नव्हे. फेब्रुवारी १९६१ मध्ये टॉटनहॅम संघाचा कर्णधार डॅनी ब्लँचफ्लॉवर याला अँड्र्यूज यांनी लाल पुस्तकासह गाठले तेव्हा तो सरळ निघून गेला. त्याच मोसमात त्याच्या संघाने लीग व एफ.ए. चषक दोन्ही जिंकले. म्हणजे कौतुकाला तो पात्र नव्हता असे नाही. आपल्या खाजगी आयुष्यावरचे हे आक्रमण आहे असे त्याचे मत होते. अमेरिकेत १९५९ मध्ये ज्येष्ठ वृत्तनिवेदक लोवेल टॉमस यांनी रंगमंच सोडला नाही, पण शेवटपर्यंत आपली नाराजी झाकलीही नाही. हे दोघेही शब्दांचे धनी होते. ब्लँचफ्लॉवर पुढे वृत्तपत्रांतून लिहीत असे. स्वतःचे वाक्य स्वतः रचणाऱ्यांना दुसऱ्याच्या वाक्याचा कर्ता होणे नको वाटले, यात नवल नाही.

हिंदीत या शतकाच्या आरंभी फारुख शेख यांनी सादर केलेला याच साच्याचा कार्यक्रम आला, त्याचे शीर्षक मात्र 'जीना इसी का नाम है'. हिंदीलाही 'तू', 'तुम', 'आप' यांतून निवड करावी लागते. शीर्षक देणाऱ्यांनी एका चित्रपटगीताचे शब्द घेऊन पुरुषवाचक सर्वनामच टाळले. उरला तो 'जीना' हा भाववाचक क्रियार्थ, ज्याला कोणी कर्ता नाही. 'इसी'मधील दर्शकत्व तेवढे मूळच्या 'दिस'चे राहिले. शेख यांचे अदबशीर 'आप' कार्यक्रमभर ऐकू येई, परंतु त्याला शीर्षकाचे ओझे नव्हते. म्हणून कदाचित तेथे पाहुणे अधिक मोकळेपणी एकमेकांशी बोलत.

ब्रिटनमध्ये २००३ नंतर हा कार्यक्रम पुन्हा दिसला तो २००७ मधील एका विशेष भागात. लाल पुस्तक वृत्तनिवेदक ट्रेव्हर मॅकडॉनल्ड यांच्या हाती होते आणि सत्कारमूर्ती होते सायमन कॉवेल. कॉवेल हे गायनस्पर्धांचे परीक्षक, होतकरू गायकाला तोंडावर 'तुम्हाला गाता येत नाही' असे सांगण्याबद्दल प्रसिद्ध. म्हणजे ज्याची सारी ख्यातीच द्वितीय पुरुषातील निवाड्यांवर उभी, त्याला या खेपेस द्वितीय पुरुषात बसून ऐकावे लागले. व्हाइसरॉयच्या आयुष्यात रौप्यमहोत्सवी ब्रिटनने स्वतःला पाहिले होते. तीस वर्षांनंतर त्याच जागी दूरचित्रवाणी स्वतःकडे पाहत होती, आणि 'आपले' या शब्दाला आता तेवढाच अर्थ उरला होता.